यंत्राला गळा नसावा

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. पहिल्याच दिवशी उत्तर लिहिलं असतं तर ते तुला वाचवलं नसतं, म्हणून पत्र ड्रॉवरमध्ये टाकून ठेवलं. राग तुझ्यावर नव्हता, शेवटच्या एका ओळीवर होता. आधीची चार पानं कशी छान होती. एका चॅनलला एकच ईएल८४ हा काचेचा व्हॉल्व्ह, आउटपुट ट्रान्सफॉर्मर मिरजेत स्वतः गुंडाळलेला, पाच वॅटला डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजातली भेसळ, चार टक्के, आलेखासकट सगळं. आणि मग म्हणे, "काका, माझ्या अँप्लिफायरला त्याचा स्वतःचा असा आवाज कसा द्यायचा?" पुण्याचे ते गृहस्थ दीड लाख मोजायला तयार आहेत, त्यांना आवाजात 'ऊब' हवी आहे, आणि माहितीपत्रकात छापायला त्या उबेचं चार ओळींत वर्णन हवं आहे. ते चार टक्के कमी करायचे की त्यांचीच जाहिरात करायची, हे तुला कळेनासं झालंय.

पोरी, यंत्राला गळा नसावा. एवढंच पोस्टकार्डावर लिहून टाकणार होतो. पण तू 'का' म्हणून विचारशील, आणि तुझी ती सवय मोडावी असं मला वाटत नाही. सोल्डरिंगचे फोटो पाहिले. त्याबद्दल काही लिहीत नाही, कारण लिहिण्यासारखं काही चुकलेलं नाही.

पीटर वॉकर हे नाव तू ऐकलेलं असशील, पण तुमच्या पिढीला ते जुन्या महागड्या डब्यांवरचं नाव म्हणून माहीत असतं. मला ते वेगळं माहीत आहे. हा माणूस १९१६ सालचा. विशीत, १९३६ साली, लंडनमध्ये यांनी कंपनी काढली. तेव्हा काम सभा-समारंभांच्या लाउडस्पीकरांचं. युद्धात बॉम्बनं जागा गेली, १९४१मध्ये बिऱ्हाड हंटिंग्डन नावाच्या लहानशा गावात गेलं, आणि मग कारखाना तिथलाच झाला. स्वतः बासरी वाजवायचे. आपली वेळूची नव्हे, त्यांच्या वाद्यवृंदातली. त्यांच्या मालाचं नाव क्वाड, म्हणजे क्वालिटी युनिट अँप्लिफायर डोमेस्टिक. यातला मला आवडणारा शब्द शेवटचा आहे. डोमेस्टिक. घरगुती! आज ज्या वस्तूला लोक 'हाय-एंड' म्हणून हात जोडतात तिच्या बारशाला 'घरगुती' असं नाव ठेवलं होतं. आणि जाहिरातीत ते सांगायचे की आमचं यंत्र मूळ आवाजाच्या जास्तीत जास्त जवळ जातं. 'जवळ' म्हणाले. गोड, उबदार, भारदस्त यांपैकी काही म्हणाले नाहीत. जवळ.

मी १९७९ साली चोवीस वर्षांचा होतो, लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीत एका दुकानात दुरुस्तीला बसायचो. मालकानं ह्यूजेस रोडवर एका पारशी गृहस्थांकडे पाठवलं. घरात क्वाड टू ची जोडी, डाव्याला एक, उजव्याला एक. १९५३पासूनचं हे मॉडेल, पंधरा वॅटचं. आजच्या गणेश मंडळाला विचारलंस तर पंधरा वॅटमध्ये उंदीरसुद्धा नाचायचा नाही. उजव्या अँपमधल्या एका केटी६६ व्हॉल्व्हची प्लेट लालबुंद झालेली. तळाचं झाकण काढलं. आधीच्या टप्प्यातून येणारा कपलिंग कॅपॅसिटर गळका झाला होता, त्यामुळे ग्रिडवर नको ते व्होल्टेज चढलं होतं. आणि दोन्ही व्हॉल्व्हच्या कॅथोडला मिळून जो एकच १८० ओमचा रेझिस्टर असतो, तो भाजलेल्या वांग्यासारखा झाला होता. त्याच्यावर सव्वीस-सत्तावीस व्होल्ट असतात, हिशेब कर, जवळजवळ चार वॅट होतात, आणि बसवलेला असतो तीन वॅटचा. म्हणजे वॉकरसाहेबांनीही एक रेझिस्टर जरा काटकसरीनंच बसवला होता. देव मानू नकोस कुणाला.

पण त्याच झाकणाखाली मी दुसरी एक गोष्ट पाहिली आणि तासभर त्यांच्याकडच्या एका बुटक्या तिवईवर बसून राहिलो. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीचा, म्हणजे व्हॉल्व्हकडच्या वेढ्यांचा, थोडा भाग या माणसानं कॅथोडच्या बाजूला घेतला होता. व्हॉल्व्हनं जे वाकडं केलं असेल ते त्याचं त्यालाच तिथल्या तिथे दिसावं आणि त्यानं सरळ करावं, अशी सोय. म्हणजे नंतर डाग पुसायचा नाही, सांडतानाच हात धरायचा. तू ट्रान्सफॉर्मर गुंडाळलेला आहेस, तुला कळेल की त्या थोड्या वेढ्यांसाठी गुंडाळणाऱ्याला किती शिव्या घालाव्या लागल्या असतील. हे सगळं कशासाठी? व्हॉल्व्हनं स्वतःचं काही बोलू नये म्हणून.

मी तेव्हा शहाणा. म्हटलं, शेठ, उघडलंच आहे तर याचा बास थोडा वाढवून देऊ का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्यांच्या धनसाकमध्ये मी साबुदाणा घालायला निघालोय.

मग त्यांनी चादर काढली. मी समजत होतो खिडकीशी दोन पडदे वाळत घातलेत. ते क्वाडचे इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर होते, १९५७मध्ये बाजारात आलेले. दिसायला विलायती घरातल्या रेडिएटरसारखे. त्यात कागदाचा शंकू नाही, मॅग्नेट नाही. दोन सच्छिद्र पत्र्यांमध्ये केसाहूनही पातळ पडदा ताणलेला. बासच्या दोन पट्ट्यांवर सहा हजार व्होल्ट, मधल्या ट्रेबलच्या पट्टीवर दीड हजार. पडद्यावरचा विजेचा भार जागचा हलू द्यायचा नाही, म्हणजे तो दोन्ही पत्र्यांमध्ये कुठेही असला तरी त्याच्यावरचा जोर सारखाच राहतो. एवढ्या एका कल्पनेवर सगळं उभं आहे, आणि ती कशी चालते ते वॉकरनं १९५५मध्ये 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात लेख लिहून उघड सांगून टाकलं. लपवलं नाही. जुलै महिना होता. दमट हवेत या स्पीकरला चरचर सुटते, म्हणून पारशी बाबांनी प्रत्येकाच्या मागे चाळीस वॅटचा बल्ब जळत ठेवलेला, जून ते सप्टेंबर, रात्रंदिवस. विजेचं बिल विचारायची माझी छाती झाली नाही.

लाँग प्ले लावली. ख्याल. गाणं सुरू व्हायच्या आधी नुसता तानपुरा, पंचमात लावलेला.

आता इथे तू थांब आणि नीट वाच, कारण तू मिरजेची आहेस आणि हे तुला सांगायला मला लाज वाटायला हवी. तुझ्या घरापासून सतारमेकर गल्ली किती लांब? तिथे जवारी लावताना बघितलंयस ना? घोडीचा माथा कानसीनं घासायचा, तार टेकवायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवत न्यायचा आणि एका जागी आवाज एकदम उमलतो. एका तारेतून स्वरांची पूर्ण रांग उभी राहते. खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो, जो कुणी छेडलेलाच नसतो. स्वयंभू गंधार म्हणतात त्याला. तो मी लहानपणापासून मैफलींत ऐकला होता. रेकॉर्डवर, यंत्रातून, पहिल्यांदा त्या दिवशी ऐकला. मी उठून स्पीकरच्या मागे जाऊन पाहिलं. बल्ब होता.

आता तुझे चार टक्के घे. तुझ्या सिंगल एंडेड, म्हणजे एकाच व्हॉल्व्हवर चालणाऱ्या, अँपचं डिस्टॉर्शन मुख्यतः दुसऱ्या हार्मोनिकचं, असं तूच लिहिलंस, आणि ते 'सुरेल' असतं असंही कुणीतरी तुला सांगितलंय. एकच स्वर असेल तर खरं आहे. दुसरं हार्मोनिक म्हणजे त्याच स्वराचा वरच्या सप्तकातला जुळा, कानाला खुपत नाही. पण गाणं एका स्वराचं असतं का? षड्ज २०० हर्ट्झ धर, पंचम ३००. जो वाकडेपणा दुसरं हार्मोनिक तयार करतो, तोच दोन स्वरांची बेरीज आणि वजाबाकीही करतो. वजाबाकी १००, म्हणजे मंद्र षड्ज, जो गायकानं लावला नाही. बेरीज ५००, म्हणजे तार सप्तकातला शुद्ध गंधार. आता समज बुवा भीमपलास गातायत, कोमल गंधार लावून बसलेत, आणि तुझा अँप वरून शुद्ध गंधार लावतोय! तानपुऱ्याचा गंधार बुवांच्या ओळखीचा आहे. त्यांनी तो समोर बसून ऐकला, त्याच्याशी आपला स्वर जुळवला. तुझ्या अँपच्या गंधाराशी त्यांची भेटच झालेली नाही. तो नंतर, त्यांच्या माघारी, दीड लाखांच्या डब्यात तयार झाला. आणि याला पुण्याचे गृहस्थ 'ऊब' म्हणतात.

जवारी लावणं हे मिरजेच्या कारागिराचं काम आहे. अँपचं नाही. यंत्राला गळा नसावा.

तू म्हणशील, काका, कानाला आवडतं त्याचं काय. हेच मला वॉकरबद्दल सगळ्यात जास्त आवडतं आणि हेच लोकांना सगळ्यात जास्त खुपतं. त्यांनी एका मुलाखतीत चक्क सांगितलं होतं की आम्ही अँप्लिफायर आखला, बनवला, विकला, आणि तो कधी ऐकत बसलो नाही. पोटात गोळा येतो ना? मलाही आला होता. पण विचार कर. स्पीकर ऐकावाच लागतो, त्याला खोली असते, कान असतो, माणूस कुठे बसलाय ते असतं. अँपचं काम काय? आत गेलं तेच मोठं होऊन बाहेर यावं. हे मोजता येतं. मोजून जे शून्य निघालं ते ऐकून काय करणार? १९७८ साली जेम्स मॉयर नावाच्या ध्वनितज्ज्ञानं क्वाडच्या तीन पिढ्या एकमेकींसमोर ठेवल्या, व्हॉल्व्हचा क्वाड टू, ट्रान्झिस्टरचा ३०३, आणि तेव्हाचा नवा ४०५. ऐकणाऱ्यांना दिसू दिलं नाही कुठला चालू आहे. त्यांना ते वेगळे ओळखता आले नाहीत. बावीस वर्षांचं अंतर, काच जाऊन सिलिकॉन आलं, आणि आवाज तोच. कुणाला यात पराभव दिसेल. मला तर यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र माहीत नाही.

त्याच्याही आधी, १९५४मध्ये, लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये व्हार्फडेलचे गिल्बर्ट ब्रिग्ज आणि वॉकर यांनी मिळून रंगमंचावर खरे वादक आणि त्यांचंच ध्वनिमुद्रण आळीपाळीनं ऐकवलं होतं. अँप क्वाडचे. अडीच-तीन हजार माणसांच्या सभागृहात, तिकीट लावून. आपलं यंत्र खऱ्या वाद्याशेजारी उभं करायची हिंमत आजच्या किती जणांत आहे? तू तुझा अँप तानपुऱ्याशेजारी ठेवून दाखव.

आता माझं सांगतो. सांगायचं नव्हतं, पण नाही तर तू मला फार सोवळा समजशील.

१९८२मध्ये मी आणि एक भागीदार मिळून स्वतःचे अँप बनवायला लागलो. गिरगावात एका चाळीच्या पोटमाळ्यावर. भागीदार विकण्यात हुशार. तो म्हणाला, गिऱ्हाईक दुकानात दोन मिनिटं ऐकतं, दोन मिनिटांत डग्गा छातीत बसला पाहिजे. मी शंभर हर्ट्झच्या आसपास एक टेंगूळ काढून ठेवलं आणि वर ट्रेबलला थोडी साखर पेरली. ते बंद करायला बटण नाही, आतच बसवलेलं. ह्यूजेस रोडवरचा तानपुरा ऐकून तीन वर्षं झाली होती, हे लक्षात घे. मला कळत नव्हतं असं नाही. सत्तेचाळीस नग विकले.

त्यातला एक शेजारच्याच चाळीतल्या गाणं शिकवणाऱ्या बाईंना दिला. त्यांच्या गुरूंच्या कॅसेट होत्या त्यांच्याकडे, जुन्या घरगुती बैठकींच्या. वर्षभरानं कशासाठी तरी त्यांच्याकडे गेलो, तर अँपवर पितळी डबा, डब्यात मनीप्लांट, आणि कॅसेट वाजतेय त्यांच्या जुन्या एकस्पीकरी टेपरेकॉर्डरवर. मी म्हटलं, बाई, बिघडला का? सांगायचं नाही का? त्या म्हणाल्या, "छे हो, उत्तम चालतो. पण त्याच्यावर बुवा लावले की शेजारच्या खोलीत दुसरेच कुणी बुवा बसलेत असं वाटतं. आमचे बुवा खर्ज एवढा रेटत नसत." चहा केला, पोहे केले. एक शब्द जास्त बोलल्या नाहीत. मनीप्लांटला पाणी मात्र माझ्यासमोरच घातलं.

मी सत्तेचाळीस गिऱ्हाइकांना पत्रं घातली की अँप आणून द्या, फुकट सरळ करून देतो. एकोणीस आले. बाकीच्यांना तो तसाच आवडत होता म्हणे. भागीदार म्हणाला, तुला वेड लागलंय, आणि दिवाळीनंतर हिशेब करून निघून गेला. पुढे त्यानं तेच टेंगूळ वाढवत वाढवत नेलं आणि अंधेरीला फ्लॅट घेतला. मी वर्षाला आठ-दहा अँप बनवले, सरळ रेषेचे. जो मागेल त्याला आलेख हातात ठेवायचा. नातेवाईक म्हणायचे हट्टी आहे. असेन. पण त्या आठ-दहांतला एकही कुंडीखाली गेला नाही, हे मी आजही छाती ठोकून सांगू शकतो. अर्थात ही छाती ठोकता आली ती तुझ्या काकू बँकेत होत्या म्हणून. त्यांचा पगार होता म्हणून माझं तत्त्व होतं. हे वाक्य त्यांनी वाचलं तर म्हणतील, चाळीस वर्षांनी सुचलं.

म्हणून तुला सांगतो, हिंजवडीची नोकरी सोडू नकोस. एवढ्यात तरी. ज्याला महिन्याचं भाडं या अँपमधून काढायचंय त्याच्या हातून टेंगूळ निघतंच. वॉकरनं इलेक्ट्रोस्टॅटिकचा पुढचा नमुना १९६३मध्ये हातात घेतला, म्हणून नाव ईएसएल-६३. बाजारात कधी आला? १९८१. अठरा वर्षं! त्यांना हवं होतं की सपाट पडद्यातून आवाज असा यावा, जसा एखाद्या बिंदूतून येतो. तळ्यात खडा टाकल्यावर वर्तुळं पसरतात तसा. मग त्यांनी मागच्यापुढच्या पत्र्यांची एकात एक कडी केली आणि मधल्या कडीपासून बाहेरच्या कडीपर्यंत सिग्नल थोडा थोडा उशिरानं पोचवला. सपाट पडदा कानाला असा भासतो की आवाज त्याच्या फूटभर मागच्या एका ठिपक्यातून येतोय. आणि ही अठरा वर्षं कारखाना उपाशी नव्हता. १९६७चा ३३ हा कंट्रोल युनिट आणि ३०३ विकत होता, १९७५मध्ये ४०५ आला, ज्यात एक छोटा अचूक अँप आणि एक मोठा रांगडा अँप जोडीनं काम करतात. रांगडा वजन उचलतो, छोटा त्याच्या चुका सावरतो. त्यासाठी १९७८मध्ये राणीचा पुरस्कारही मिळाला. जुना माल विकून नव्याला वेळ दिला. दरवर्षी नवा रंग आणि नवा नंबर लावून बाजारात उतरले नाहीत. तुझा पहिला नमुना सात महिन्यांचा आहे आणि तू माहितीपत्रक छापतेस!

चिडलो. पाणी पिऊन आलो.

एक गोष्ट सांगायची राहिलीय, आणि ती माझ्या विरुद्ध जाते. १९९६मध्ये रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ माझ्याकडे आले. आयुष्य इंजिनांच्या आवाजात गेलेलं, वरचे स्वर ऐकू येत नव्हते. म्हणाले, तुमचा अँप घेतो, फक्त ट्रेबल वाढवायचं एक बटण द्या. मी त्यांना अर्धा तास तत्त्वज्ञान ऐकवलं. यंत्राला गळा नसावा वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकलं, निदान मला तसं वाटलं, आणि एक जपानी सेट घेतला. वर बटण होतं. त्यांच्या मुलाकडून कळलं की ते रोज संध्याकाळी बटण शेवटपर्यंत फिरवून सारंगी ऐकत. आता मी सत्तरीला टेकलोय. तू पाठवलेल्या चाचणीतला आठ हजार हर्ट्झच्या वरचा भाग मला ऐकू आला नाही. स्कोपच्या पडद्यावर लाट पाहिली.

आणि मला माहीत होतं, पोरी. वॉकरच्या ३३ला बास-ट्रेबलची बटणं होती हे मला १९७९पासून माहीत होतं. नंतरच्या ३४ला तर त्यांनी 'टिल्ट' दिला, अख्खा आवाज तराजूसारखा थोडा इकडे किंवा तिकडे कलता करणारा, कारण रेकॉर्ड वाईट असतात आणि खोल्या वाकड्या असतात. घरगुती शब्दाचा अर्थ त्यांना माझ्याहून जास्त कळला होता. पण त्याच ३३वर एक बटण होतं, 'कॅन्सल'. दाबलं की सगळे फेरफार बाजूला, पुन्हा सरळ रेषा. फरक इथे आहे. बटण ऐकणाऱ्याच्या हातात आणि शून्याची जागा दिसणारी, मग मी काही बोलणार नाही. आत लपवून ठेवलेलं टेंगूळ, त्यालाच 'आमचा आवाज' म्हणायचं आणि वर दीड लाख घ्यायचे, हे मला चालत नाही. मी त्या रेल्वेच्या गृहस्थांना कॅन्सलसकट बटण द्यायला हवं होतं. दिलं नाही. कारण मला तेव्हा मनीप्लांट दिसत होता, समोरचा माणूस दिसत नव्हता.

तर तू असं कर. आधी वजाबाकी. युक्ती जुनी आहे, माझी नाही. अँपच्या स्पीकर-टोकांवरून सिग्नल घे, रेझिस्टरच्या जोडीनं आत जाणाऱ्या सिग्नलइतका लहान कर, उलटा करून मूळ सिग्नलमध्ये मिसळ, आणि पॉट, म्हणजे कमीजास्त करायचा रेझिस्टर, फिरवत फिरवत आवाज जितका बुडवता येईल तितका बुडव. अँप प्रामाणिक असेल तर शांतता. जे उरेल ते तुझ्या अँपचं स्वतःचं. तुझ्या ट्रान्सफॉर्मरमुळे दोन्ही टोकांना फेज सरकेल, म्हणून पूर्ण शून्य यायचं नाही, वर थोडी सिसकारी आणि खाली थोडी गुरगुर राहील, ती सोडून दे. आता संगणकावर दोन्ही मुद्रणं घेऊन वजा करता येतात, पण एकदा हातानं कर, पॉटखाली गाणं बुडताना बोटाला कळतं. मैफलीचं मुद्रण घे, चाचणीचा भोंगा नको. आणि गाणं बुडाल्यावर जे मागे कण्हत राहतं, ते पुण्याच्या गृहस्थांना फोनवर ऐकव. म्हणावं, हीच ती ऊब, निव्वळ. घेताय का?

घेतो म्हणाले, तर पंचाईत आहे खरी. तेव्हा मागच्या बाजूला एक स्विच दे. एका जागी निगेटिव्ह फीडबॅक, म्हणजे बाहेर आलेल्याचा थोडा भाग उलटा आत देऊन चूक सावरणं, लागलेला, डिस्टॉर्शन अर्ध्या टक्क्याच्या खाली आणलेलं. दुसऱ्या जागी मोकळा, त्यांच्या उबेसकट. पहिल्या जागेवर ठळक खूण कर. माहितीपत्रकात दोन्ही आकडे छाप, शेजारीशेजारी, एकाच आकाराच्या अक्षरात. मी असतो तर स्विच दिला नसता. पण मी रेल्वेच्या गृहस्थांनाही दिला नव्हता, तेव्हा माझं ऐकू नकोस. म्हणजे, फीडबॅकचं ऐक.

वॉकर डिसेंबर २००३मध्ये गेले. पारशी बाबा त्याच्या बरेच आधी. त्यांच्या घरच्यांनी स्पीकर कुणाला दिले ठाऊक नाही, पण क्वाड टूपैकी एक माझ्याकडे आला, तोच, भाजलेल्या वांग्याचा. १८० ओमचा नवा रेझिस्टर मी तेव्हाच सात वॅटचा बसवला होता, तो अजून गोरा आहे. दिवाळीत मुंबईला येशील तेव्हा तळ उघडून दाखवतो, कॅथोडकडचे वेढे स्वतः बघ. येताना तुझ्या गल्लीतल्या कुणाकडून चांगला दोरा आण, माझ्याकडच्या तानपुऱ्याची जवार गेलीय आणि इथे कुणी नीट लावत नाही.

आणि हो, फोटोत एक गोष्ट दिसली ती राहिलीच. मोठ्या कॅपॅसिटरवर उरलेली वीज जिरवणारा ब्लीडर रेझिस्टर दिसत नाही. प्लग काढल्यावरही त्याच्यात तीनशे व्होल्ट दबा धरून बसलेले असतात. आजच्या आज लाव, आणि तोवर मीटरनं शून्य पाहिल्याशिवाय आत बोट घालायचं नाही. चालू असताना मोजायचं तर एकच हात आत, दुसरा खिशात. ड्रेसला खिसा नसेल तर शिवून घे.

तुझा,
काका